यंदाच्या हंगामात किती पापलेट काढायचं? मासेमारीची वार्षिक मर्यादा ठरवण्याची पद्धत

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मासेमारीला जी बंधनं आहेत, ती जवळजवळ सगळी कधी, कुठे आणि कशाने मासे पकडायचे याची आहेत. १ जून ते ३१ जुलै बंदी. बोटीमागे ओढत न्यायच्या ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला चौकोनी डोळा. थव्याला वेढून पकडणाऱ्या पर्ससीन जाळ्यावर २०१६ पासूनचे निर्बंध, एलईडी दिव्यांना मनाई, आणि २०२३ मध्ये ५४ जातींसाठी ठरवलेली किमान लांबी. किती काढायचं, हा प्रश्न मात्र मोकळाच राहिला आहे. बंदी उठली की पुढच्या दहा महिन्यांत एखाद्या जातीचे ३०० टन निघाले काय आणि ६०० निघाले काय, 'आता थांबा' म्हणणारा आकडाच कुठे नाही.

असे आकडे जगात बऱ्याच ठिकाणी ठरतात. न्यूझीलंडने १९८६ मध्ये कोटा पद्धत आणली. अमेरिकेने २००६ च्या कायदादुरुस्तीने वार्षिक मर्यादा सक्तीची केली आणि २०११ पर्यंत सरकारी व्यवस्थापनाखालच्या माशांच्या जवळपास सगळ्या साठ्यांना ती लागू केली. आपल्याकडे हा विषय आज ना उद्या येणार आहे. तो आला की मच्छीमार संस्थांच्या कार्यकर्त्यांनी, बंदरावर नोंदी घेणाऱ्यांनी आणि मत्स्यशास्त्र शिकणाऱ्यांनी कागद हातात घेऊन बोलायला हवं. त्यासाठी पापलेट हे उदाहरण धरून सगळी पद्धत इथे मांडली आहे. हिशेबातले टनांचे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, प्रत्यक्ष साठ्याचे नाहीत.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. समुद्रातून किती काढता येईल हे आधी ठरवायचं आणि ते कोणी काढायचं हे नंतर. दोन्ही प्रश्न एकाच बैठकीत आले की वाटपाच्या भांडणात मर्यादा फुगते. प्रत्येकाला थोडं थोडं वाढवून दिलं की सगळे खूश होतात, आणि ती वाढ माशाच्या खात्यातून जाते. अमेरिकेच्या कायद्याने म्हणूनच हे काम दोघांत वाटून दिलं आहे: वरची सीमा शास्त्रज्ञांची समिती सांगते, आणि मच्छीमार-व्यापारी-अधिकारी बसतात त्या परिषदेला ती सीमा ओलांडता येत नाही, फक्त तिच्या आत राहून निर्णय घेता येतो.

आधी मासा निवडा, मग त्याची हद्द

सगळ्या माशांना वार्षिक मर्यादा चालत नाही. जवळ्याचं आयुष्य जेमतेम वर्षभराचं. गेल्या वर्षीच्या मोजणीवरून यंदाचा आकडा काढाल तेव्हा मोजलेला जवळा केव्हाच संपलेला असतो. अशा जातींना अमेरिकेतही या सक्तीतून सूट आहे. त्यांच्यासाठी हंगाम, जाळ्यांची संख्या आणि जागा यांवरचं नियंत्रणच खरं. कोळंबीच्या बऱ्याच जाती याच गटात जातात.

दुसऱ्या टोकाला घोळ. हा मोठा होणारा मासा, थव्याने एकत्र येतो, आणि बोताला (पोटातल्या हवेच्या पिशवीला) मिळणाऱ्या भावामुळे एखादा थवा सापडला की शेवटच्या माशापर्यंत उपसला जातो. इथे मर्यादा हवीच. पण माशांची संख्या इतकी कमी आणि पकड इतकी लहरी असते की साठ्याचा हिशेब अवघड होतो. शिकायला हा मासा घेऊ नका.

पापलेट या दोहोंच्या मधलं. काही वर्षं जगतं, ओळखायला सोपं, भाव चांगला असल्यामुळे बंदरावर वेगळं काढून तोललं जातं, आणि २०२३ पासून ते राज्यमासाही आहे. बोंबील पहिल्यांदा घ्यायला थोडा जड, कारण त्याचा बराच भाग सुकवून विकला जातो आणि वजनाचा हिशेब तिथेच घसरतो. ते पुढे येईल.

मासा ठरला की त्याची हद्द ठरवा. पापलेट आणि बोंबील गुजरात-महाराष्ट्राच्या सीमेवर थांबत नाहीत. राज्याचा अधिकार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटर. त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राचा. म्हणून ससून डॉकच्या नोंदींवरून मुंबईपुरती मर्यादा काढणं चुकीचं आहे. साठा वायव्य किनाऱ्याचा, मर्यादाही त्याच साठ्याची, आणि मुंबईचा तो एक हिस्सा. एका राज्याने हात आखडता घेतला आणि शेजाऱ्याने नाही, तर वाचलेला मासा शेजाऱ्याच्या जाळ्यात जातो. दोन्ही बाजूंच्या मच्छीमारांचा विश्वास तिथेच उडतो.

हिशेबाचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर ठेवू नका. १ ऑगस्ट ते ३१ मे हा हंगाम म्हणजेच वर्ष. जून-जुलैत बोटी ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला असतात, माणसं गावात असतात. आकडेमोड आणि बैठका तेव्हाच उरकायच्या.

किती निघालं: वजनाची नोंद

मर्यादा टनात असते, म्हणून बंदरावरची मोजणी चुकली की पुढचं सगळं चुकतं. प्रत्येक बोटीचा माल तोलणं शक्य नसतं, नमुना घ्यावा लागतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था देशभर हेच करते: बंदरं, दिवस आणि बोटी यांची टप्प्याटप्प्याने यादृच्छिक निवड करून एकूण उत्पादनाचा अंदाज काढते.

आपल्या बंदरावर करायचं तर हिशेब साधा आहे. समजा एका दिवशी ४० गिलनेट (पाण्यात भिंतीसारखं पसरायचं जाळं) बोटी लागल्या. त्यांतल्या ८ निवडल्या, त्यांचं पापलेट तोललं, सरासरी १२ किलो आली. त्या दिवसाचा अंदाज ४० गुणिले १२, म्हणजे ४८० किलो. महिन्यात असे ६ दिवस मोजले आणि त्यांची सरासरी ४५० किलो आली, बोटी २४ दिवस लागल्या, तर महिन्याचे १०.८ टन. गिलनेट, डोळ (पाण्याच्या ओढीत बांधून ठेवायचं पिशवीसारखं जाळं), ट्रॉल, पर्ससीन यांचा हिशेब वेगवेगळा ठेवायचा आणि शेवटी बेरीज करायची. सगळ्या बोटींची मिळून एकच सरासरी काढली की आकड्याला काही अर्थ उरत नाही.

चूक होते ती या ठिकाणी:

बोटी निवडताना. आधी लागलेल्या, ओळखीच्या तांडेलाच्या (बोटीच्या म्होरक्याच्या), किंवा माल जास्त दिसतो त्या बोटी आपसूक निवडल्या जातात. येणाऱ्या बोटींना क्रमांक द्या आणि दर पाचवी घ्या. तिच्यात पापलेट अजिबात नसेल तर शून्य लिहा. शून्य गाळलं की सरासरी फुगते.

वेळेत. मोजणारा सकाळी आठला आला आणि लिलाव पहाटेच आटोपला, तर रात्री लागलेला माल नोंदीतच येत नाही. आठवड्यातून किमान एक मोजणी रात्री ठेवा.

मापात. बंदरावर माल पाटी, टोपली, क्रेट यांत मोजला जातो. प्रत्येक बंदरावर, प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला, बर्फ काढून वीस-तीस क्रेट प्रत्यक्ष तोला आणि किलोचं प्रमाण काढा. बर्फासकट धरलं तर पकड फुगलेली दिसते.

सुक्यात. बोंबलाच्या अंगात ८५ ते ९० टक्के पाणी असतं. सुक्याचं वजन तसंच लिहिलं तर खरी पकड कित्येक पटींनी कमी दिसेल. ओला बोंबील तोलून वलांडीवर (सुकवायच्या मांडवावर) टाका, पुरता सुकल्यावर पुन्हा तोला आणि आपल्या गावचा गुणक काढा. पावसाळी हवेतला आणि फेब्रुवारीतला गुणक सारखा येत नाही.

आणि जे बंदरावर येतच नाही त्यात. घरच्या कालवणाची मासळी, खलाशांचा वाटा, समुद्रातच दुसऱ्या बोटीवर चढवलेला माल, फेकून दिलेली पिल्लं. माशाच्या दृष्टीने हे सगळं मेलेलंच आहे. पापलेटची किमान लांबी १३५ मिलिमीटर ठरली, म्हणून खलाशाने लहान पापलेट परत पाण्यात टाकलं तरी ते सहसा जगत नाही. ट्रॉलमधून वर आलेला मासा तोपर्यंत दबून, गुदमरून गेलेला असतो. लहान माशाला वाचवायचं काम जाळ्याच्या डोळ्याने करायचं असतं, डेकवर ते होत नाही. फेकलेल्या मालाचा अंदाज हवा असेल तर बोटीवर माणूस पाठवावा लागतो. महिन्यातून दोन-तीन फेऱ्यांवर निरीक्षक गेला तरी पुष्कळ समजतं.

लांबी आणि गाबोळी

वजनावरून किती मासा मेला ते कळतं. कोणता मेला, ते लांबीवरून. हे काम स्वस्त आहे, लाकडी मोजपट्टी आणि वही एवढ्यावर भागतं, आणि आमच्या मते नवख्याने शिकायची सुरुवात इथूनच करावी.

पापलेटची शेपूट खोल दुभंगलेली असते आणि टोकं हाताळताना मोडतात. म्हणून तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत मोजा. बोंबील शेपटीच्या टोकापर्यंत, शेवंड पाठीच्या कवचावर, माकूळ फक्त धडाच्या नळीची. कुठून कुठे मोजलं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दोघांनी दोन पद्धतींनी मोजलेले आकडे एकत्र केले तर ती वही टाकून द्यावी लागते.

एका वेळी १०० ते २०० मासे पुरतात, पण ते प्रतवारी होण्याच्या आधीचे हवेत. लिलावाला पापलेट आकाराप्रमाणे वेगळं केलेलं असतं. त्या ढिगांतून नमुना घेतला की मोठ्यांच्या ढिगातले शंभर मोजले जातात आणि साठा ठणठणीत दिसतो. बोटीच्या खणातून माल निघतानाच, एक अख्खा क्रेट न निवडता बाजूला घ्या आणि त्यातला प्रत्येक मासा मोजा, अगदी तळाशी चिकटलेला बोटभर लांबीचा सुद्धा.

दर महिन्याला त्यांतल्या तीस-चाळीस माद्या चिरा. गाबोळी पोटात धाग्यासारखी बारीक आणि पारदर्शक असेल तर मादी अजून कोवळी आहे. पिवळसर, दाणे डोळ्यांना दिसणारी आणि अर्ध्याहून अधिक पोट भरलेली असेल तर ती तयार. सैल, लालसर, रिकाम्या पिशवीसारखी असेल तर अंडी टाकून झालेली. महिना, लांबी आणि अवस्था असे तीन रकाने भरत गेलात की दोन हंगामांत दोन गोष्टी हाती येतात: निम्म्या माद्या कोणत्या लांबीला पिकतात, आणि अंडी घालण्याचा जोर कोणत्या महिन्यांत असतो.

मग आपल्या पकडीतले किती टक्के मासे त्या लांबीच्या वर आहेत ते पाहा. निम्म्याहून कमी असतील तर बहुतेक पापलेट आयुष्यात एकदाही अंडी न घालता पाटीत येतंय. अशा वेळी टनांची मर्यादा कितीही बारकाईने काढली तरी एकटी पुरत नाही, डोळा मोठा करणं सोबत लागतंच. पेरूमध्ये अँचोव्हीची हंगामी मर्यादा ठरलेली असते, तरीही ज्या भागात पिल्लांचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर जातं तो भाग काही दिवस बंद करतात.

समुद्रात किती आहे

साठा मोजायचे दोन मार्ग. एक, संशोधन नौकेने ठरलेल्या जागी, ठरलेल्या जाळ्याने, दरवर्षी तशाच ओढी काढायच्या. हे काम फिशरी सर्व्हे ऑफ इंडिया करते, तिचं मुख्यालय मुंबईतच आहे. दुसरा, मच्छीमारांच्याच नोंदींवरून दर प्रयत्नामागे किती मासा मिळतो ते बघायचं.

दुसरा मार्ग हाताशी असतो आणि फसवतोही तोच. 'बोटीमागे किती' हे माप वापरूच नका. बोट तीच राहते, पण तिचं इंजिन वाढतं, जीपीएस आणि फिश फाइंडर येतो, जाळं लांबतं. गिलनेटसाठी हजार मीटर जाळ्यामागे एका रात्रीत किती किलो, ट्रॉलसाठी तासामागे किती, डोळीसाठी एका ओढीमागे किती, असं लिहा. डोळ जाळं चालतं ते पाण्याच्या ओढीवर. उधाणाच्या दिवसांत ते भरतं आणि भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत रिकामं येतं. गेल्या नोव्हेंबरच्या उधाणाची तुलना यंदाच्या नोव्हेंबरच्या उधाणाशीच करायची. वहीत तारखेशेजारी तिथी लिहिली की हे काम सोपं होतं, आणि आपल्या डोळकरांना ते शिकवावं लागत नाही.

थव्याने राहणाऱ्या माशात याहून मोठा धोका असतो. साठा निम्म्यावर आला तरी उरलेले मासे एकत्र गोळा होतात, बोटी नेमक्या तिथे जातात, आणि जाळं पूर्वीसारखंच भरतं. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर कॉडचं असंच झालं. व्यापारी ट्रॉलरची पकड चांगली दिसत होती, तिच्यावर विसंबून साठ्याचा अंदाज जास्त धरला गेला आणि त्याच अंदाजावर मर्यादा ठरत गेल्या. जुलै १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली, तीस हजारांहून अधिक लोकांचं काम गेलं. ती बंदी उठायला २०२४ उजाडलं.

उलट फसगतही होते. महाराष्ट्राचं सागरी उत्पादन २०१८ मध्ये २.९५ लाख टन होतं, २०१९ मध्ये ते २.०१ लाख टनांवर आलं. मासा एका वर्षात एक तृतीयांश संपला असं यावरून म्हणता येत नाही. त्या वर्षी अरबी समुद्रात 'क्यार' आणि 'महा' ही वादळं लागोपाठ आली आणि ऐन हंगामात बोटी बंदरात अडकल्या. पकड घटली की आधी समुद्रात गेलेले दिवस मोजा, मग साठ्याबद्दल बोला.

आकडा काढायचा कसा

सगळ्यात साधं गणित शेफर यांनी १९५४ मध्ये मांडलेलं. मासेमारी नसताना समुद्रात जास्तीत जास्त किती साठा मावतो आणि तो किती वेगाने वाढतो, या दोन गोष्टी धरायच्या. साठा निम्म्यावर असताना वर्षाची वाढ सर्वांत जास्त असते. समजा समुद्रात मावणारा साठा ४००० टन आणि वाढीचा दर ०.६. मग सर्वाधिक वाढ ०.६ गुणिले ४००० भागिले ४, म्हणजे ६०० टन. हे कमाल शाश्वत उत्पादन, आणि ते मिळतं साठा २००० टनांवर असताना. त्या वेळी काढायचा वाटा ३० टक्के.

नवखे इथेच अडखळतात. ६०० टन मिळतात ना, मग मर्यादा ६०० ठेवू. पण आजचा साठा १५०० टन असेल तर त्याची वर्षाची वाढ ५६२ टनच होते. ६०० काढले की साठा १४६२ वर येतो. ३८ टनांची घट बंदरावर कोणाला जाणवतही नाही. साठा कमी झाला म्हणून पुढची वाढ आणखी कमी, आणि आपण मात्र ६०० च काढतोय. पाचव्या वर्षाअखेर साठा १२४० च्या आत, दहाव्या वर्षाअखेर ५०० च्या खाली. बाराव्या वर्षी ६०० टन काढायला समुद्रात तेवढा मासाच नसतो. म्हणून टन कायमचे बांधायचे नाहीत, वाटा बांधायचा आणि दरवर्षी नव्या साठ्याला लावायचा.

आता पायऱ्या. १५०० टनांचे ३० टक्के म्हणजे ४५०. ही वरची रेषा: यापुढे गेलं की अतिमासेमारी.

पण १५०० हा अंदाज आहे. तो मधोमध धरला तर ४५० टन काढताना रेषा ओलांडली जाण्याची शक्यता ५० टक्के. ती ४० टक्क्यांवर आणायची असेल तर काही भाग सोडावा लागतो. किती, ते अंदाज किती सैल आहे त्यावर ठरतं. बरा सर्व्हे असेल, अनिश्चिततेचं माप ०.५ च्या आसपास असेल, तर ०.८८ ने गुणायचं. माहिती तुटपुंजी असेल, माप १ असेल, तर ०.७८ ने. आपण ०.८८ धरू: ३९६ टन. बंदरावरच्या वहीची किंमत इथे दिसते, चांगली नोंद ठेवली तर हंगामात जास्त टन हाती येतात. संस्थेच्या सभेत हा मुद्दा आवर्जून मांडा, कारण आकडे खरे दिले तर आपलंच नुकसान होईल ही भीती सगळीकडे असते.

पुढे, साठा २००० असायला हवा तिथे १५०० आहे, म्हणजे तीन चतुर्थांश. तो भरून यावा म्हणून वाटाही त्याच प्रमाणात खाली आणायचा: ३९६ गुणिले ०.७५, म्हणजे २९७. वार्षिक मर्यादा २९० टन ठेवू. मोजणीतला उशीर आणि न दिसणारी पकड यांसाठी आणखी जागा सोडून काम करायचं लक्ष्य २६० टन.

२९० टन निघाले तरी वर्षाअखेर साठा १७७२ वर जातो, आणि तेच गणित पुन्हा केलं की पुढची मर्यादा ४१५ च्या आसपास येते. एवढी मोठी उडी बाजाराला आणि बोटींना झेपत नाही. उतरतानाचा धक्का तर त्याहून वाईट, कारण चांगल्या वर्षाच्या भरवशावर कर्ज काढून बोट बांधलेली असते. आइसलँडने कॉडसाठी काढलेली तोड आम्हांला पटते: चार वर्षं आणि त्यावरच्या वयाच्या साठ्याचे २० टक्के आणि गेल्या वर्षीची मर्यादा, या दोहोंची सरासरी. आपल्या उदाहरणात ४१५ आणि २९० यांची सरासरी, म्हणजे साधारण ३५०.

साठ्याचा अंदाजच नसेल तर

मुंबईच्या बाजारात येणाऱ्या बऱ्याच जातींची गत हीच आहे. त्यांच्यासाठी अमेरिकेत १९९८ मध्ये एक तात्पुरता मार्ग सुचवला गेला. पकड स्थिर होती अशा वर्षांची सरासरी घ्या. साठा बरा वाटत असेल तर ती सरासरीच वरची रेषा, मध्यम असेल तर तिच्या ०.६७ पट, खालावलेला असेल तर ०.३३ पट. लक्ष्य या रेषेच्या ७५ टक्के. सरासरी ३६० टन आणि साठा मध्यम असेल तर रेषा २४१ आणि लक्ष्य १८१ टन.

'बरा', 'मध्यम' हे ठरवायला लांबीची वही आणि जुन्या तांडेलांच्या मुलाखती दोन्ही लागतात. पूर्वी कुठे जाळं टाकायचे, आता किती लांब जावं लागतं, मोठा मासा कोणत्या महिन्यात यायचा, हे विचारा आणि नावनिशी न घेता लिहा. सरासरी काढताना वादळाचं वर्ष गाळा आणि एखाद्या जातीचा भाव अचानक चढल्यामुळे बोटी तुटून पडल्या ते वर्षही गाळा.

वाटप

हे शास्त्राचं काम नाही, न्यायाचं आहे. जुन्या पकडीच्या प्रमाणात वाटलं तर ज्याने जास्त उपसलं त्यालाच बक्षीस मिळतं, आणि ज्यांची नोंदच नव्हती ते छोटे डोळकर, टोपलीने विकणाऱ्या बायकांची घरची होडी, हे सगळे बाहेर राहतात. आधी छोट्या बोटींसाठी ठराविक भाग बाजूला काढा, उरलेलं जुन्या प्रमाणात वाटा. वैयक्तिक, विकता येणारा कोटा आपल्याकडे आणू नये असं आम्हांला ठामपणे वाटतं, तो थोड्याच वर्षांत भांडवलवाल्यांकडे गोळा होतो. हिस्सा मच्छीमार सहकारी संस्थेला द्यावा. डिझेल, बर्फ, डिझेलवरच्या कराचा परतावा हे व्यवहार तिच्याकडून होतातच, त्याच खिडकीवर पकडीची नोंद घेता येते.

फक्त एकूण आकडा जाहीर करून सगळ्यांना मोकळं सोडलं तर शर्यत लागते. अलास्कात हॅलिबटचं तेच झालं होतं. १९९५ पूर्वी काही भागांत अख्खा हंगाम २४-२४ तासांच्या मोजक्या दिवसांत उरकायचा, वादळ असलं तरी बोटी निघायच्या आणि सगळा माल एकदम आल्याने भाव पडायचा. हिस्से ठरवून दिल्यावर तोच हंगाम साधारण आठ महिन्यांचा झाला. आपल्याकडे ऑगस्टमध्ये बंदी उठताच अशीच झुंबड उडेल. म्हणून २६० टनांचे भाग पाडा: ऑगस्ट ते ऑक्टोबर ११०, नोव्हेंबर ते जानेवारी ८०, फेब्रुवारी ते मे ७०. न वापरलेलं पुढच्या भागात जाऊ द्या.

हंगाम चालू असताना

दर सोमवारी एकूण किती झालं ते संस्थेच्या फळ्यावर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. गुप्त ठेवलेल्या आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. नोंद यायला किती उशीर होतो यावर सगळं अवलंबून आहे. सप्टेंबरमध्ये आठवड्याला १५ टन निघत असतील आणि आकडे दोन आठवडे मागे असतील, तर ३० टन पाण्यातून निघून गेलेले असतात पण फळ्यावर नसतात. लक्ष्य आणि मर्यादा यांतलं अंतर तेवढंच आहे.

तीन खुणा ठेवा. लक्ष्याच्या ७० टक्क्यांवर सगळ्यांना सूचना. ८५ टक्क्यांवर फेरीमागे किलोची मर्यादा. १०० टक्क्यांवर त्या माशावर नेम धरून जाळं टाकणं बंद.

शेवटची खूण डोळ आणि ट्रॉलला जशीच्या तशी लावता येत नाही. डोळीत बोंबील, मांदेली, कोळंबी, जवळा आणि पापलेटची पिल्लं एकत्र येतात. पापलेटची मर्यादा भरली म्हणून डोळ बंद केली तर बोंबलाचाही धंदा बसतो, आणि बंद केली नाही तर पापलेट मरत राहतं, फक्त फेकून दिलं जाऊन नोंदीतून गायब होतं. यावर तोड एकच: वाटप करतानाच डोळ आणि ट्रॉलसाठी पापलेटचा सोबत येणारा भाग वेगळा राखून ठेवायचा, आणि पिल्लं जास्त असतात ते महिने व जागा ओळखून तिथून जाळी हलवायची. सगळ्या जातींची मिळून एकच मर्यादा ठरवण्याचा मोह टाळा. गटात भरपूर असलेला मासा दुबळ्या माशाची घट झाकून टाकतो. गटावर एकूण छत ठेवायचंच असेल तर ते जातवार मर्यादांच्या जोडीला ठेवा. अलास्काच्या बेरिंग समुद्रात तळाच्या माशांना जातवार मर्यादा आहेतच, शिवाय सगळ्यांना मिळून वर्षाला २० लाख टनांचं छतही आहे.

ओलांडली तर काय, हे आधी लिहून ठेवा

हंगाम सुरू होण्यापूर्वी एका पानाचा ठराव करा आणि त्यावर सगळ्या संस्थांच्या सह्या घ्या. मर्यादेवर जितके टन गेले तितके पुढच्या वर्षीच्या मर्यादेतून वजा. ज्या विभागाने ओलांडली त्याच्याच हिश्श्यातून, सगळ्यांच्या नाही. ओलांडल्यानंतर नियम करायला बसलात तर तो कोणत्या तरी माणसाविरुद्धचा निर्णय वाटतो आणि तिथेच मोडतो.

वजाबाकीबरोबर कारणही शोधा. नोंद उशिरा आली, की एखाद्या बंदराची मोजणीच नव्हती, की लक्ष्य मर्यादेच्या फार जवळ होतं? अमेरिकेच्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे चार वर्षांत एकापेक्षा जास्त वेळा मर्यादा ओलांडली तर सगळी पद्धतच पुन्हा तपासायची असते. आपणही तेवढाच काळ धरावा.

पहिल्या हंगामात कोणालाही थांबवू नका. एक मासा, दोन-तीन बंदरं, आठवड्याची नोंद आणि फळ्यावरचा आकडा, एवढंच चालवा. मे अखेरीला आपली बेरीज केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मुंबईतल्या केंद्राच्या आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या आकड्यांशेजारी ठेवा. फरक २० टक्क्यांहून जास्त असेल तर कोणत्या बंदरात, कोणत्या जाळ्याच्या नोंदीत आणि कोणत्या महिन्यात तो पडला ते जूनमध्ये शोधून काढा, आणि तो सापडेपर्यंत मर्यादेचा आकडा जाहीर करू नका.